आत्या, शेळीचं नाव काय? – दुसऱ्यांसाठी मागितलेल्या नाताळच्या भेटी, तपासून

चार वर्षांपूर्वी नाताळला मला शेळी मिळाली. म्हणजे मला नव्हे, माझ्या नावाने कुणाला तरी. माझ्या हातात आलं ते एक कार्ड. त्यावर कान टवकारून बघणारी शेळी आणि खाली माझं नाव.

याला कारण मीच. आमच्या घरात नाताळच्या आधी प्रत्येकाने आपल्याला काय हवं ते चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, आणि ज्याच्या हाती जी चिठ्ठी येईल त्याने ती भेट आणायची, असं चालतं. मी दरवर्षी लिहायची, 'काही नको.' मला वाटायचं, किती समजूतदार बाई आहे मी! शेवटी वहिनीने सांगून टाकलं, "वन्सं, तुमची चिठ्ठी ज्याला येते त्याचा महिना खराब जातो." (ती मला वन्सं फक्त चिडल्यावर म्हणते.) मग मी हट्टाने लिहिलं, 'मला काही नको. कुणाला तरी शेळी द्या.' कुठल्याशा कॅटलॉगमध्ये शेळीचं पान बघितल्याचं आठवत होतं, तेवढंच. चिठ्ठी निघाली भाच्याला. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि त्याने ती मनावर घेतली.

कार्ड हातात आल्याबरोबर मी ते उलटलं. तीस वर्षं लेखापरीक्षण केलंय, पुढचा भाग आधी वाचायची सवयच नाही. मागच्या बारीक अक्षरावर बोट ठेवून वाचत होते तेवढ्यात भाच्याने विचारलं, "आत्या, शेळीचं नाव काय?"

बारीक अक्षराचा अर्थ असा होता की नाव सोडा, शेळीसुद्धा अजून ठरलेली नाही.

तेव्हापासून मी हे प्रकरण लावून धरलंय. अशा भेटी घेतल्या, दिल्या, घरच्यांना द्यायला लावल्या, आणि एकदा चांगलीच तोंडावर पडले. यंदा कुणाच्या डोक्यात 'मला वस्तू नको, दुसऱ्या कुणाला तरी काही द्या' असं घोळत असेल, तर आधी हे वाचा.

शेळीपासूनच सुरुवात करते. या कॅटलॉगांची रीत ठरलेली आहे. शेळी, कोंबड्या, मधमाश्यांची पेटी, रोपं, शाळेचं सामान. प्रत्येक चित्राखाली रक्कम. तुम्ही रक्कम भरायची, ज्याच्या नावाने भरली त्याला कार्ड जातं. आणि कुठेतरी तळाशी एक वाक्य असतं, शब्द वेगळे पण मजकूर तोच: चित्रातली वस्तू नमुन्यादाखल आहे, पैसे त्या प्रकारच्या कामाला किंवा संस्थेच्या एकूण कामाला वापरले जातील. हायफर इंटरनॅशनल ही या प्रकारातली सगळ्यात जुन्या संस्थांपैकी एक. तीही हे उघड सांगते. म्हणजे तुम्ही शेळी विकत घेत नाही, शेळीच्या चित्राखाली देणगी देता.

पहिल्या वर्षी मला याचा राग आला होता. पावतीवर एक आणि खर्च दुसरा, असं कुणी माझ्यासमोर आणलं असतं तर मी लाल पेन काढलं असतं. पण नंतर शांतपणे विचार केला. समजा हजार लोकांनी शेळी घेतली, कारण शेळी दिसायला गोड, आणि तिला टोचायच्या लशीला कुणी हातच लावला नाही. प्रत्येक पैसा ज्या चित्रावर आला त्यावरच खर्च करायचा म्हटलं, तर संस्थेला हजार शेळ्या घ्याव्या लागतील आणि त्या मरताना बघत बसावं लागेल. कामाला बांधून दिलेला निधी कसा गळ्याशी येतो हे मी अनेक ताळेबंदांत पाहिलंय. तेव्हा ते बारीक वाक्य फसवणूक नाही. ते शहाणपणाचं वाक्य आहे, फक्त ते बारीक अक्षरात नको होतं, एवढंच माझं म्हणणं.

हायफर म्हणजे कालवड. डॅन वेस्ट नावाचा एक अमेरिकन शेतकरी स्पेनच्या यादवी युद्धात मदतकार्याला गेला होता, मुलांना दूध वाटायचा. दूध पुरायचं नाही. कपभर दूध वाटत राहण्यापेक्षा गायच का देऊ नये, हे त्याच्या मनाने घेतलं, आणि १९४४ साली पहिल्या कालवडी बोटीने पोर्तो रिकोला रवाना झाल्या. त्यातली एक अट मला फार आवडते: जनावर मिळालेल्या कुटुंबाने त्याचं पहिलं मादी पिल्लू दुसऱ्या गरजू कुटुंबाला द्यायचं. तिकडे कुठेतरी एक बाई वासराच्या गळ्यात दोर बांधून ते शेजारच्या बाईला नेऊन देते आहे. तिच्या नावाचं कार्ड कुणी छापत नाही.

आता शेळी ही गोष्ट चांगली आहे का? गरिबाची गाय म्हणतो आपण तिला, ते उगाच नाही. पाच महिन्यांत विते, बरेचदा जुळं देते, झाडपाल्यावर भागवते, आणि घरात दुखणं आलं तर एक करडू विकून पैसे उभे राहतात. पण तिला पाणी लागतं, चारा लागतो, आणि पीपीआरसारखा शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग आला तर कळपच्या कळप जातो. ब्रिटनमधल्या अ‍ॅनिमल एड या प्राणिहक्क संघटनेने तर या शेळी-भेटींविरुद्ध मोहीमच चालवली होती: कोरड्या मुलखात आणखी तोंडं पाठवून काय साधता, म्हणून. मला तो आक्षेप पूर्ण पटत नाही, पण हसण्यावारी नेण्यासारखाही नाही.

ज्यांना पुरावा हवा त्यांच्यासाठी २०१५ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेला एक अभ्यास आहे. इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू, सहा देश, दहा हजारांहून जास्त कुटुंबं. अत्यंत गरीब घरांना उत्पन्नाचं साधन दिलं, बहुतेक ठिकाणी जनावरं. पण नुसती जनावरं नाहीत. सोबत काही महिने घरखर्चाला मदत, जनावर कसं सांभाळायचं याचं शिक्षण, बचतीची सोय, आणि घरी नियमित येऊन विचारपूस करणारा माणूस. दोन वर्षांनी कार्यक्रम संपला, त्यानंतर वर्षभराने पाहिलं तरी ही घरं इतरांपेक्षा बरी चालली होती. होंडुरासमध्ये मात्र दिलेल्या कोंबड्या मोठ्या प्रमाणावर रोगाने मेल्या आणि सगळं गणित फसलं. मी हा अभ्यास वाचला आणि माझं मत तिथेच पक्कं झालं. कॅटलॉगमध्ये शेळी दिसते. खरं काम करतो तो दर आठवड्याला दारात येऊन 'चारा घातलास का, लस टोचलीस का' विचारणारा माणूस. त्याचं चित्र कुणी छापत नाही, कारण मोटारसायकलवरच्या माणसाचं कार्ड कुणाला हवंय?

शेळी कशाला, सरळ पैसे द्या, असं म्हणणारेही आहेत. गिव्हडायरेक्टली ही संस्था केनियात गरीब घरांना थेट मोबाइलवर रोख रक्कम पाठवते. २०१६ साली तिच्या कामावर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की लोकांनी ते पैसे पत्र्याच्या छपरात आणि जनावरांत घातले, आणि दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. म्हणजे गोठा भरलाच, पण जनावर घेणाऱ्याने स्वतः निवडलं. हे वाचून वहिनी म्हणाली, "मग कार्डावर काय छापायचं, नोटा?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

शेळी-कार्डाला माझे दहापैकी सहा. संस्था जनावराबरोबर शिक्षण आणि औषधपाणी देते असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर साडेसात.

पुढच्या नाताळला मी भाच्याच्या 'शेळीचं नाव काय' या प्रश्नाची परतफेड केली. त्याला किव्हाचं भेटकार्ड दिलं. किव्हा २००५ साली सुरू झालं. तिथे देणगी नसते, उसने पैसे असतात. जगभरातल्या छोट्या व्यावसायिकांचे फोटो आणि त्यांची गरज संकेतस्थळावर असते, तुम्ही २५ डॉलरपासून रक्कम घालू शकता, कर्जदार हप्ते फेडतो तसे पैसे तुमच्या खात्यात परत येतात, आणि ते पुन्हा दुसऱ्या कुणाला देता येतात. व्याज तुम्हाला मिळत नाही. कार्ड ज्याला दिलं तो स्वतः कर्जदार निवडतो, आणि पैसे परत येतात ते त्याच्याच खात्यात.

भेट म्हणून इतकी चांगली गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही. पोरगं तीन दिवस त्या पानांवर होतं. आधी म्हणाला, सगळ्यात गरीब माणसाला देतो. मग म्हणाला, पण तो फेडेल का? मग त्याने स्वतःचा नियम काढला: ज्याची रक्कम भरायला थोडीच उरली आहे आणि मुदत संपत आली आहे, त्याला द्यायचं. शेवटी शिलाई मशीन घेऊ बघणाऱ्या एका बाईला दिले. हे का, विचारलं, तर म्हणाला, "तिने फोटोत हसायचा प्रयत्न नाही केला." बारा वर्षांच्या मुलाने दिलेलं हे कारण मला कुठल्याही पतपेढीच्या छाननी समितीपेक्षा बरं वाटलं.

मग त्याने बारीक अक्षर वाचलं. (रक्त आमचंच.) आणि ओरडतच आला, "आत्या, मी बिनव्याजी देतोय आणि तिच्याकडून व्याज घेतायत!"

खरं आहे. मधे स्थानिक कर्जसंस्था असतात, त्यांना किव्हा भागीदार म्हणते. त्या कर्जदाराकडून व्याज किंवा शुल्क घेतात, आणि ते किती याचा अंदाज किव्हाच्या पानावर दिलेला असतो. मी त्याला कागदावर मांडून दाखवलं: एक मोठं कर्ज वसूल करायला एक माणूस एकदा जातो, तेवढीच रक्कम शंभर छोट्या कर्जांत वाटली तर त्याच माणसाला शंभर दारं हिंडावी लागतात. पगार, पेट्रोल, कागद, बुडालेली कर्जं, सगळं त्या व्याजातून निघतं. त्याला गणित पटलं, मन नाही पटलं. "तरी थोडं जास्तच आहे," म्हणाला. काही भागीदारांच्या बाबतीत माझंही तेच मत आहे. म्हणून निवडताना माणसाच्या गोष्टीखालचा भागीदाराचा तपशील उघडून बघाच. सगळे सारखे नाहीत.

दुसरी गोष्टही सांगायला हवी. तुम्ही ज्या बाईचं कर्ज निवडता, तिला पैसे बहुतेक वेळा आधीच मिळालेले असतात. तुमचे पैसे त्या भागीदाराची भरपाई करतात. २००९ साली डेव्हिड रूडमन या अभ्यासकाने हे जाहीरपणे मांडलं तेव्हा बराच गदारोळ झाला, आणि किव्हाने आपल्या पानावरची भाषा बदलून अधिक स्पष्ट केली. मला यात वावगं वाटत नाही. मशीन हवं असलेल्या बाईला कुणीतरी दूर देशी आपला फोटो आवडेपर्यंत ताटकळत ठेवणं जास्त वाईट झालं असतं. पण मुलाला हे आधी सांगा. नंतर कळलं तर त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं खरं असतं.

परतफेडीचं प्रमाण किव्हा स्वतः ९६ टक्क्यांच्या आसपास सांगते. म्हणजे शंभरात चार बुडतात, हेही मुलाला आधी सांगायचं. भाच्याच्या खात्यातले पैसे आता तिसऱ्या फेरीत आहेत. त्याच्या वहीत तारखा, हप्ते, शिल्लक, सगळं लिहिलेलं आहे. दोन ठिकाणी बेरीज चुकली होती, मी काही बोलले नाही. नऊ गुण. एक कापला तो त्या व्याजासाठी, आणि तोही भाच्याच्या सांगण्यावरून.

ताईचं वेगळं. ती आयुष्यभर लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका होती. युनिसेफच्या भेटींच्या यादीत जलसंजीवनीची पाकिटं, लशी, पोषक आहार अशा गोष्टी असतात. शाळेची एक पेटीही असते, चाळीस मुलांचं सामान मावेल अशी, आणि तिच्या झाकणाला रंग लावला की फळा होतो. ती पेटी बघून मला मोह झाला होता. पण ताईसाठी जलसंजीवनीच घेतली.

तिने कार्ड वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि पाढा म्हणावा तसं म्हणाली, "ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम, मीठ दोन पूर्णांक सहा, पोटॅशियम क्लोराइड दीड, सायट्रेट दोन पूर्णांक नऊ. एक लिटर पाणी. जुन्या पाकिटात साखर-मीठ जास्त होतं, २००२ नंतर कमी केलं." मग एकदम, "झिंक आहे का सोबत? दहा ते चौदा दिवस झिंकही द्यावं लागतं. नुसतं पाकीट देऊन आई घरी गेली की पुढच्या महिन्यात तेच मूल परत." मी म्हटलं, "अगं, भेट आहे, औषधाची चिठ्ठी नाही." पण ती संध्याकाळभर बोलत राहिली. रात्रपाळ्या, चमच्याचमच्याने पाजलेली पोरं, मुलाने आईकडे बघून पहिल्यांदा रडणं, ज्याची सगळा वॉर्ड वाट बघायचा, कारण रडायला लागलं म्हणजे डोळ्यांत पाणी परत आलं. बहीण म्हणून इतकी वर्षं सोबत काढली, पण यातलं निम्मं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

ती भेट लागू पडली, कारण ती तिच्या हातातली गोष्ट होती. हाच सगळ्या प्रकरणातला माझ्या लेखी मोठा मुद्दा, आणि तो मला नीट कळला तो दुसऱ्याच एका चुकीमुळे. त्याकडे येतेच.

दादाला मच्छरदाण्या दिल्या. अगेन्स्ट मलेरिया फाउंडेशनमार्फत. कामाच्या दृष्टीने बघितलं तर यादीतली सगळ्यात भक्कम गोष्ट हीच. कीटकनाशक भरलेली मच्छरदाणी साधारण दोन माणसांना पुरते आणि तीनेक वर्षं टिकते. अशा मच्छरदाण्यांच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा सांगतो की लहान मुलांचे मृत्यू सुमारे १७ टक्क्यांनी कमी होतात. २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत हिवतापाच्या जितक्या केसेस टळल्या, त्यातल्या ६८ टक्के मच्छरदाण्यांमुळे टळल्या, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. शिवाय तुमची देणगी कुठल्या वाटपाला गेली हे ही संस्था कळवते. हिशेबनीस म्हणून मी तिच्यावर खूष आहे. दादा कार्ड बघून "छान," म्हणाला आणि चहा प्यायला लागला. काही महिन्यांनी वाटपाचा ईमेल आला तेव्हा मात्र त्याने नकाशा उघडून गावं शोधली, म्हणजे वाटलं अगदीच वाया नाही गेली. मदत म्हणून दहा, भेट म्हणून पाच.

आता तक्रार. एका संस्थेकडून मी वहिनीसाठी रोपांची भेट घेतली. नाव घेत नाही. कार्ड नाताळ उलटून गेल्यावर आलं, ते एक वेळ सोडा. पोस्टाचं काय आपल्या हातात. पण अर्ज भरताना 'भेट मिळणाऱ्याचा ईमेल' लिहिला होता, तो त्यांनी आपल्या यादीत घातला. जानेवारीपासून वहिनीला आठवड्याला एक पत्र: पूर आला, दुष्काळ आला, वर्ष संपतंय, फक्त आजच दुप्पट होणार. भेट मी दिली आणि मागणी तिच्या दारात! मार्चमध्ये ती म्हणाली, "वन्सं, पुढच्या वर्षी मला साडीच द्या." तेव्हा एवढं करा: कार्ड स्वतःच्या पत्त्यावर किंवा स्वतःच्या ईमेलवर मागवा, आणि छापून हातात द्या. फॉर्मच्या शेवटच्या पानावर आधीच खूण केलेले चौकोन असतात, ते बघा.

आणि आता चूक, जी पूर्णपणे माझी.

ऑफिसातला जुना सहकारी, वीस वर्षांची ओळख. दोन वर्षांपूर्वी मी शेळ्यांच्या आणि कर्जांच्या नादात पुरती बुडाले होते, त्यालाही एक कार्ड पाठवून दिलं: तुमच्या नावाने एका कुटुंबाला मदत केली आहे. त्याने आभाराचा फोन केला, नेहमीसारखाच. फेब्रुवारीत कळलं की नोव्हेंबरातच त्याची नोकरी गेली होती, आणि त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. घरात पैशांची ओढाताण चालू असताना त्याला माझ्याकडून आलं ते काय, तर दुसऱ्या कुणाला तरी दिलेल्या मदतीची पावती. त्याच्या नावाने.

तो आजही त्यावर काही बोलत नाही. मी विषय काढला तर म्हणतो, "अहो, चांगलंच केलंत." त्याने नावं ठेवली असती तर मला सोपं गेलं असतं.

जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली नाताळच्या भेटींचं एक गंमतीशीर मोजमाप केलं होतं. लोकांना विचारलं, मिळालेली भेट तुम्ही स्वतः घेतली असती तर किती पैसे दिले असते? उत्तरं प्रत्यक्ष किमतीपेक्षा दहा टक्के ते एक तृतीयांश कमी आली. म्हणजे भेटीत तेवढं मूल्य हवेत जातं. नावावर दिलेल्या देणगीत हे मोजमाप टोकाला जातं, असं मला आता दिसतं. ज्याने चिठ्ठीवर लिहून मागितली त्याला ती पुरेपूर पोचते. ज्याने मागितलीच नाही त्याला शून्यही पोचू शकते, आणि माझ्या सहकाऱ्याच्या बाबतीत ती शून्याच्याही खाली गेली. शेळी कुणीतरी आपल्यासाठी मागितली असेल तर द्या. आपल्याला शेळी द्यावीशी वाटते म्हणून दुसऱ्याच्या नावावर टाकू नका. आपल्या नावाने द्या, आणि त्याला एक मफलर घ्या.

समोरच्याच्या मनाचा अंदाज येत नसेल तर टिसबेस्टसारख्या ठिकाणची कार्डं असतात. पैसे तुम्ही भरता, कुठल्या संस्थेला द्यायचे ते कार्ड मिळणारा ठरवतो. मी एकदाच वापरलं, शेजारणीसाठी. तिने दहा मिनिटांत भटक्या कुत्र्यांची संस्था निवडली, आणि मला कधीच सुचलं नसतं. आठ गुण. किव्हाइतकी मजा नाही, कारण एकदा दिले की संपलं, पण चूक होण्याची शक्यताही तेवढीच कमी.

मुलांसाठी घेत असाल तर कार्ड ईमेलने पाठवू नका. भाच्याने दिलेलं पहिल्या शेळीचं कार्ड अजून माझ्या भिंतीवर आहे. स्क्रीनवर आलेलं कधीच हरवलं असतं. आणि जी काही संस्था निवडाल तिचा वार्षिक अहवाल उघडून बघा. एवढं तर एखादा फोन घेतानाही आपण करतो. अहवालच सापडत नसेल तर कार्ड कितीही गोड असो, पान बंद करा.

यंदाच्या चिठ्ठ्या मागच्या रविवारी पडल्या. वहिनीने खरंच साडी लिहिली. ताईने लिहिलं, 'झिंकसहित.' माझी चिठ्ठी पुन्हा भाच्याच्याच हाती गेली. तो आता पंधराचा आहे आणि मला संशय आहे की त्याने डब्यात बघून काढली. मी लिहिलं होतं, 'शेळ्यांसाठी लस, आणि ती टोचायला शिकलेली एक बाई.' काही कॅटलॉगांत गावच्या पशुसेविकेचं प्रशिक्षण हा पर्याय असतो, पार शेवटच्या पानावर, चित्राशिवाय.

त्याने चिठ्ठी दोनदा वाचली. "पण आत्या, कार्डावर फोटो कशाचा येणार?"

"सिरिंजचा येईल."

"भिंतीवर लावणार तू?"

"लावीन की. शेळीच्या शेजारी."

तो वही घेऊन बसला आणि किंमत शोधायला लागला.